२५ च्या गाडीचं लॉक काढावं का? कराडच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरावीत, वय १६ पूर्ण. कॉलेज घरापासून ९ किलोमीटर. तिच्यासाठी तीन आठवड्यांपूर्वी ‘लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही’ असं सांगून विकलेली इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ती २५ च्या पुढे जात नाही म्हणून मुलगी वैतागली आहे. दुकानदार म्हणतो, ५०० रुपये द्या, लॉक काढून देतो, ४५ ने पळेल, सगळेच काढून घेतात. वडिलांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: लॉक काढावं का, आणि पोलिसांनी धरलं तर पावती कितीची?

मी कोल्हापुरात २००८ पासून बॅटरीच्या दुचाक्या दुरुस्त करतो. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी माझ्या दारात येऊन विचारतो, म्हणून जरा बैजवार लिहितो. उत्तर आधीच सांगतो: काढू नका. पण नुसतं ‘नको’ म्हटलं तर मुलीला पटणार नाही, आणि दुकानदाराचं ‘सगळेच काढतात’ हे वाक्य जास्त जोरात ऐकू येईल. म्हणून कारणं नीट समजून घ्या.

पावती कितीची, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा की लॉक काढल्यावर तुमच्या दारात जी गाडी उभी राहील ती कायद्याच्या दृष्टीने कोणती गाडी असेल? तुम्हाला वाटतंय तीच स्कूटर, फक्त थोडी जोरात पळणारी. कायदा तसं बघत नाही.

आपल्याकडे ‘ई-बाइक’ हा एकच शब्द पॅडलच्या सायकलीलाही लावतात, तुमच्या स्कूटरलाही, ताशी ८० ने पळणाऱ्या गाडीलाही आणि आता राज्यात परवानगी मिळालेल्या ई-बाइक टॅक्सीलाही. इथूनच घोळ सुरू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या दुसऱ्या नियमात बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे आणि तिथेच सूट दिलेली आहे. मोटारीची तीस मिनिटांची पॉवर (सलग तीस मिनिटं देता येणारी ताकद) ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी हवी. गाडीचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवं. पॅडल असलेल्या सायकलीला आणखी एक अट आहे: वेग वाढत जाईल तशी मोटारीची मदत कमी होत गेली पाहिजे आणि २५ ला, किंवा पाय थांबले की त्याआधीच, ती बंद झाली पाहिजे. या अटी पाळणारं वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. मोटार वाहनच नाही म्हटल्यावर लायसन्स, पासिंग, नंबर प्लेट, सक्तीचा विमा आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली वयाची अट, यातलं काही लागू होत नाही. तुमच्या मुलीला आज ही गाडी चालवता येते ती एवढ्यामुळेच.

आता यातला एक शब्द दुकानात कोणी सांगत नाही. या अटी ‘तपासून प्रमाणित’ झालेल्या असाव्या लागतात, आणि तेही नियम १२६ मध्ये नावं दिलेल्या चाचणी संस्थांकडून. पुण्याची एआरएआय त्यातलीच, मानेसरची आयकॅटही त्यातलीच. म्हणजे दुकानदाराने ‘२५० वॅट’ असा स्टिकर चिकटवला म्हणून सूट मिळत नाही. त्या मॉडेलचा नमुना संस्थेत जातो, मोटार, कंट्रोलर, बॅटरी सगळं नोंदवलं जातं आणि त्या रचनेला प्रमाणपत्र मिळतं. सूट त्या रचनेला असते. रचना बदलली की प्रमाणपत्राचा कागद दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा उरतो.

हे बदलतात कसं, तेही सांगतो, कारण ५०० रुपयांत नेमकं काय विकलं जातंय ते तुम्हाला कळायला हवं. बहुतेक स्वस्त स्कूटरमध्ये सीटखाली कंट्रोलरचा, म्हणजे बॅटरीतून मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा, डबा असतो. त्यातून बाहेर आलेल्या वायरींपैकी एक वेगाची मर्यादा धरून ठेवते. काही कंट्रोलरमध्ये तिचं टोक सोडवलं की मर्यादा सुटते, काहींमध्ये जोडलं की सुटते. काही गाड्यांत हेच काम डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आकडा बदलून होतं. पाच मिनिटांचं काम आहे, पान्हासुद्धा नीट लागत नाही.

जुन्या लेड-अॅसिडच्या गाड्यांत वेगळी पद्धत होती, अजूनही आहे: चार बॅटऱ्यांच्या जागी पाच घालायच्या. ४८ व्होल्टचे ६० होतात आणि हब मोटार, म्हणजे चाकातच बसवलेली मोटार, त्याच प्रमाणात जोरात फिरते. २५ ची ३१ च्या आसपास जाते. पण ४८ व्होल्टच्या साध्या कंट्रोलरमधले कपॅसिटर बऱ्याचदा ६३ व्होल्टपर्यंतच सोसणारे असतात. पाच बॅटऱ्या भरल्या की नुसत्या उभ्या गाडीत ६४-६५ व्होल्ट भरतात आणि चार्जर लावलेला असताना ७२ च्या घरात जातात. असे फुगलेले, फुटलेले कपॅसिटर माझ्या टेबलावर कितीतरी आले आहेत. आत करपलेला वास येतो आणि मालक म्हणतो, ‘काहीच केलं नव्हतं, अचानक बंद पडली.’

हे काम मी स्वतः केलेलं आहे, हे सांगितलं पाहिजे. २०१२ च्या सुमारास एक दूधवाले माझ्याकडे आले. पहाटे फेरी लवकर आटपत नाही म्हणाले, आणि मी पाचवी बॅटरी बसवून दिली. तीन महिन्यांनी उतारावर त्यांना ब्रेक लागला नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना घरी होते. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मागच्या ब्रेकचा ड्रम उघडला. लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला होता, तापून तापून. एरवी हलक्या गाडीला पुरणारे ब्रेक होते ते. दूधवाले मला काही बोलले नाहीत, उलट दुरुस्तीचे पैसे किती म्हणून विचारलं. मी ते घेतले नाहीत. पाचवी बॅटरी काढून ठेवली आणि त्यानंतर ते काम कोणाचंच केलं नाही.

ब्रेकचा हिशोब घरी वहीवर करून मुलीला दाखवा. अकरावीत आहे, विज्ञान शाखेत असेल तर तिचा अभ्यासच आहे हा. २५ च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते, ४५ ला साडेबारा. समोर कुत्रं आडवं आलं आणि हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असं धरा. नंतर ब्रेक बऱ्यापैकी धरले, सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग कमी होत गेला, तर २५ ची गाडी आणखी ६ मीटरवर थांबते, ४५ ची आणखी साडेएकोणीस मीटरवर. एकूण १३ मीटर आणि ३२ मीटर. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला, पण थांबायला जवळजवळ अडीच पट रस्ता लागला. धडकेतली ऊर्जा तर सव्वातीन पट होते. आणि हे ‘बऱ्यापैकी धरलेल्या’ ब्रेकचं गणित आहे. अशा स्वस्त गाड्यांना लहान ड्रम, बारीक टायर आणि हलके शॉकअॅब्सॉर्बर देतात ते २५ चाच हिशोब धरून. वायर सोडवताना त्यांपैकी काहीच बदललं जात नाही.

आता कायद्याकडे परत. वेग ४५ झाला की सूट गेली, आणि गाडी पूर्ण अर्थाने मोटार वाहन झाली. मग एकाच वेळी काय काय उभं राहतं ते बघा. लायसन्सशिवाय चालवणं, कलम १८१, ५,००० रुपयांचा दंड. अशा व्यक्तीच्या हाती गाडी देणं, कलम १८०, पुन्हा ५,०००, आणि हे मालकावर, म्हणजे तुमच्यावर. पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर, कलम १९२, पहिल्यांदा ५,००० पर्यंत. विमा नाही, कलम १९६, पहिल्यांदा २,००० किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हेल्मेट नसेल तर आणखी १,०००. परवानगीशिवाय गाडीत बदल केला म्हणून कलम १८२अ, मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच कलमात असा बदल करून देणाऱ्या किंवा अशी गाडी विकणाऱ्या विक्रेत्याला प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. हे दुकानदाराला माहीत आहे का, ते जरूर विचारा. हे आकडे कायद्यातले आहेत. जागेवरच पैसे भरून प्रकरण मिटवायची, म्हणजे तडजोडीची, रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे प्रत्यक्ष पावती कमी असू शकते.

पण या सगळ्याहून जड आहे ते २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १९९अ. १८ वर्षांखालच्या मुलाने किंवा मुलीने मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी अडवायचा पूर्ण प्रयत्न केला’ हे तुम्ही सिद्ध करायचं. लॉक काढायचे ५०० रुपये तुम्हीच दिलेले असताना ते कसं सिद्ध करणार? शिवाय त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही, असंही त्याच कलमात आहे. सोळाव्या वर्षीच्या दहा मिनिटांच्या घाईसाठी मुलीची पुढची नऊ वर्षं गाडी चालवण्याची सोय पणाला लागते. तिला हे एवढंच सांगितलं तरी पुरे होईल असं मला वाटतं.

विम्याचं जरा थांबून सांगतो, कारण पालक हा भाग सोडून देतात. मोटार वाहनाने कोणाला धडक दिली तर भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे जातो. थर्ड पार्टी विमा असेल तर रक्कम विमा कंपनी भरते. विमा नसेल तर मालक भरतो, स्वतःच्या खिशातून, गरज पडली तर शेत विकून. रस्ता ओलांडणारी एखादी म्हातारी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर दवाखान्याचा खर्च केवढा होतो ते आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. आणि सूट असलेल्या २५ च्या गाडीनेही कोणाला इजा झाली तर जबाबदारी संपत नाही. भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे वाहन चालवण्याचं कलम २८१ आहे, ते कोणत्याही वाहनाला लागतं. सूट आहे ती कागदपत्रांपुरती.

इथवरचं एका दमात: आजची गाडी प्रमाणित असेल तर मुलगी ती चालवू शकते, लॉक काढलं की तीच गाडी बिनापासिंग, बिनाविमा मोटार वाहन होते, चालवणारी अल्पवयीन आणि जबाबदार तुम्ही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे तुमची गाडी मुळात प्रमाणित आहे का? लॉक न काढताच २५ च्या पुढे जाणाऱ्या, आतून मोठी मोटार असलेल्या गाड्या ‘विनालायसन्स’ म्हणून विकलेल्या मी पाहिल्या आहेत. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्या आणि असे बदल तपासायला आरटीओंना सांगितलं होतं, ते याचमुळे. दुकानातून त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. त्यावरचं मॉडेलचं नाव आणि मोटारीची माहिती तुमच्या गाडीशी जुळते का बघा. कंट्रोलरवरचा स्टिकरही वाचा. त्यावर अँपिअर लिहिलेले असतात. ४८ व्होल्टला १५ अँपिअर म्हणजे क्षणभरासाठी सातशे वॅटच्या आसपास, आणि एवढं चालू शकतं, कारण नियम तीस मिनिटं सलग देता येणाऱ्या पॉवरबद्दल बोलतो, सुरुवातीच्या झटक्याबद्दल नाही. पण तिथे २५-३० अँपिअर दिसले तर मला शंका येते.

वेग तपासायचा तर डिस्प्लेवर विसंबू नका, तो पुष्कळदा चुकीचा असतो. स्टँडवर चाक फिरवूनही बघू नका, मोकळं चाक जास्तच फिरतं. पहाटे रिकाम्या, सपाट रस्त्यावर टेपने १०० मीटर मोजून दोन खुणा करा. आधीपासून पूर्ण वेगात येऊन त्या खुणांमधला वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या, तुम्ही स्वतः चालवा आणि दोन्ही दिशांनी घ्या म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जाईल. २५ च्या वेगाला १४.४ सेकंद लागतात. ८ सेकंदांत पार झाली तर ती ४५ ची गाडी आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

दुसरं अवलंबून आहे ते रस्त्यावर. मुलीची तक्रार नुसती वेगाची आहे की चढाची, हे तिला विचारा. २५० वॅटची गाडी चढावर खरंच दमते, त्यात तिचा दोष नाही. गाडी, बॅटरी आणि माणूस मिळून १५० किलो वजन, १०० मीटरला ८ मीटर चढ, आणि २५० वॅट पूर्णच्या पूर्ण चाकापर्यंत पोचले तरी वेग ताशी साडेसातच्या आसपास येतो. पन्हाळ्याच्या बाजूचे गिऱ्हाईक माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात. लॉक काढून चढ सोपा होत नाही. त्या वायरने वेग सुटतो, ताकद वाढत नाही. कराडच्या आसपासच्या सपाट रस्त्याला हा प्रश्न फारसा येऊ नये, पण घर डोंगराच्या कडेला असेल तर ही गाडी तुमच्या कामाची नाही हे मान्य करावं लागेल.

आणि हायवे. तुम्ही लिहिलंय की ९ पैकी ३ किलोमीटर पुणे-बंगळूर हायवेच्या बाजूने जावं लागतं. इथे मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. ट्रकांच्या रांगेत २५ ने चालणं हेही धोक्याचंच आहे, मागच्याला अंदाज येत नाही. दुकानदार नेमका हाच मुद्दा पुढे करतो. पण ४५ ने गेल्याने ट्रकशी बरोबरी होत नाही, ते ६०-८० ने जात असतात. सर्व्हिस रोड असेल तर तोच धरायचा, पाच मिनिटं जास्त लागली तरी. सर्व्हिस रोड सलग नसेल, मधे हायवेवर चढावंच लागत असेल, तर मी या गाडीवर तिला पाठवणार नाही. एसटीचा पास काढेन, किंवा हायवेपर्यंत गाडी आणि पुढे बस असं करेन.

वेळेचा हिशोबही एकदा तिच्याबरोबर मांडा. ९ किलोमीटरला २५ ने साधारण २२ मिनिटं, ४५ ने १२. म्हणजे कागदावर दहा मिनिटं वाचतात, आणि चौक, स्पीडब्रेकर, गर्दी धरली तर त्याहून कमी.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ना, असं कोणी सांगेल. मिळतं, पण कायद्यातलं ते वाक्य ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीबद्दल आहे. बॅटरीच्या गाडीला सीसी नसतात, त्यामुळे त्या आधारावर ४५ ची स्कूटर तिच्या हातात देता येईल असं परस्पर धरून चालू नका. कराडच्या आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा आणि जे सांगतील ते लेखी मागा.

परदेशातल्या नातेवाइकांचाही एक मुद्दा येतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. अमेरिकेतला मामा म्हणतो, ‘आमच्याकडे तर २८ मैलांची ई-बाइक चालते, किट पाठवतो.’ तिथल्या बऱ्याच राज्यांत तीन वर्ग आहेत, त्यातल्या तिसऱ्यात पॅडलच्या मदतीने ताशी २८ मैल, म्हणजे ४५ किलोमीटर चालतात, आणि मोटार ७५० वॅटपर्यंत असू शकते. युरोपात मात्र आपल्यासारखेच २५० वॅट आणि २५ किलोमीटर आहेत, तेही पॅडल मारत असताना. जपानमध्ये तर २४ ला मदत शून्यावर येते. तिथलं किट इथे सायकलीला लावलं की इथला नियम लागतो, आणि ७५० वॅटची सायकल इथे मोटार वाहन आहे.

तर सोमवारी दुकानात जाल तेव्हा प्रमाणपत्राची प्रत मागा आणि लॉक आहे तसं राहू द्या असं स्पष्ट सांगा. त्यांनी ‘दाखवायला म्हणून’ आधीच वायर सोडवली असेल तर तुमच्यासमोर पूर्ववत करून घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. त्याच फेरीत दोन्ही ब्रेक उघडून बघायला लावा, नव्या गाडीतही ते ढिले असतात. आयएसआय मार्कचं हेल्मेट या गाडीला सक्तीचं नसलं तरी तिला घेऊन द्या, पट्टा लावायची सवय आजपासून. डबलसीट नको, निदान पहिले सहा महिने. आणि १८ पूर्ण झाल्यावर तिचं लायसन्स काढा, हिरव्या नंबर प्लेटची रीतसर पासिंग असलेली गाडी घ्या. बॅटरीच्या गाड्यांना नोंदणीचं शुल्क २०२१ पासून माफ आहे. आजची स्कूटर तोवर घरात दळण-भाजीला उपयोगी पडेल. प्रमाणपत्र मिळालं की त्याचा फोटो टाका, मोटारीचा आकडा जुळतो का ते मी बघून सांगतो.